कात्रणाची मागची बाजू

नाणी, टपाल तिकिटे, ग्रामोफोनच्या तबकड्या जमविणाऱ्यांना आपल्या समाजात रसिक म्हणतात. जुनी वृत्तपत्रे जमविणाऱ्याला मात्र घरातली माणसे 'रद्दी कधी काढणार?' असे विचारतात. वृत्तपत्र हे मुळातच एका दिवसाच्या आयुष्याचे असते, ही समजूत त्यामागे आहे. ती समजूत पूर्णपणे खोटीही नाही. लाकडाच्या लगद्यापासून केलेला हा कागद स्वतःतील आम्लामुळेच पिवळा पडतो, कडेने तुटतो आणि चार-पाच दशकांत बोटाच्या स्पर्शाने भुगा होऊ लागतो. त्यापूर्वीचा चिंध्यांपासून केलेला कागद दोनशे वर्षांनंतरही ताठ उभा असतो. म्हणजे विसाव्या शतकाची कथा, तीत आपल्या संगीताची कथाही आली, सर्वांत नाशिवंत कागदावर लिहिली गेली आहे.

वाशी-तुर्भे येथील कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात, ज्याला सारी नवी मुंबई 'एपीएमसी मार्केट' याच नावाने ओळखते, या नाशाचे व्यवहारी रूप पाहावयास मिळते. १९९६ साली फळांचा घाऊक बाजार मुंबईच्या महात्मा फुले मंडईतून येथे आला. तेव्हापासून गाळ्यागाळ्यांत रद्दीचे गठ्ठे येऊन पडतात. पपई एकेक करून वर्तमानपत्रात गुंडाळली जाते, आंब्याच्या पेटीत पेंढ्यासोबत कागद घातला जातो, डाळिंबाच्या खोक्यात कागदाचा कीस भरला जातो. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ साली छापील कागदात खाद्यपदार्थ बांधू नयेत असे बजावले. ती शाई पोटात जाण्याची काळजी होती. त्या शाईत आणखी काय जात आहे याची काळजी करणारे प्राधिकरण अद्याप निघालेले नाही. रद्दीच्या व्यवहारातील एक बारकावा येथे नोंदविण्यासारखा आहे. इंग्रजी वृत्तपत्राला किलोमागे मराठीपेक्षा अधिक भाव मिळतो. कारण साधे आहे, कागदाच्या दर्जाचे. परंतु पुढे आपण पाहणार आहोत की, इतिहासाच्या बाजारातही हाच भाव चालू आहे.

या विषयाकडे वळण्यास निमित्त आहे लता मंगेशकर यांच्या प्रारंभीच्या कारकिर्दीची वृत्तपत्रे जमविणाऱ्यांच्या उद्योगाचे. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि त्यांच्याविषयीच्या प्रत्येक जुन्या कागदाला एकाएकी मोल आले. संग्राहकांची धडपड असते ती नाव मोठे होण्यापूर्वीचे नाव शोधण्याची. ही धडपड कुतूहलाची आहे, क्वचित पैशाचीही आहे. पण तिच्यातून जे हाती लागते त्याचे मोल आपण नीट करतो काय, हा माझा प्रश्न आहे.

प्रथम सोलापूरची गोष्ट घेऊ. ९ सप्टेंबर १९३८ रोजी सोलापुरात वडील दीनानाथांसमवेत आपण पहिल्यांदा रागदारी गायन जाहीरपणे केले, असे लताबाईंनी उतारवयात लिहिले. त्यासोबत त्यांनी एक छायाचित्रही प्रसिद्ध केले. ते त्या कार्यक्रमाच्या जाहिरातीसाठी काढलेले होते. लक्षणीय गोष्ट अशी की, ती तारीख त्यांच्या स्वतःच्या स्मरणातून आलेली नव्हती. एका परिचिताने दूरध्वनी करून त्यांना ती सांगितली होती. नवव्या वर्षातील मुलीला राग आठवतो, वडिलांची मांडी आठवते, तारीख आठवत नाही. तारीख जपतो तो जाहिरातीचा कागद. आणि तो कागद कोणी भावी सम्राज्ञीसाठी छापलेला नव्हता. सोलापूरच्या लोकांनी त्या रात्री तिकिटे घ्यावीत, एवढाच त्याचा हेतू होता. पुराव्याचा खरेपणा पुष्कळदा अशा हेतुशून्यतेत असतो. जो कागद उद्याच्या इतिहासकाराला उद्देशून लिहिलेला असतो, त्याच्याकडे मी अधिक सावधपणे पाहतो.

त्यानंतरचे वर्ष येते ते १९४२. २४ एप्रिल १९४२ रोजी पुण्यात दीनानाथ गेले. त्याच वर्षी 'किती हसाल' या चित्रपटासाठी लताबाईंनी पहिले गाणे ध्वनिमुद्रित केले आणि ते चित्रपटातून गाळले गेले. त्याच वर्षी मास्टर विनायकांनी त्यांना 'पहिली मंगळागौर'मध्ये छोटी भूमिका व गाणे दिले. पुढील वर्षी 'गजाभाऊ' आला. चरित्रकारांच्या दृष्टीने ही सर्वांत महत्त्वाची दोन वर्षे. आणि नेमक्या याच दोन वर्षांची वृत्तपत्रे सर्वांत कृश आहेत. महायुद्धामुळे कागदाची टंचाई झाली, सरकारने कागदाच्या वापरावर नियंत्रणे आणली, पाने कमी झाली. ऑगस्टमध्ये 'चले जाव'चा वणवा पेटला, तेव्हा जी काही जागा उरली होती ती अटक, गोळीबार आणि बंदी यांच्या बातम्यांनी व्यापली. वडील गेलेली तेरा वर्षांची एक मुलगी कुटुंब पोसण्यासाठी चित्रपटात आली, ही बातमी त्या पानांत शोधणाऱ्याच्या हाती फारसे काही लागणार नाही. ते मौन दुर्लक्षाचे आहे असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. कागदच कमी होता. संग्राहकाने नुसते मौन मोजू नये, मौनाचे कारणही पाहावे.

१९४९ साली चित्र पालटले असे आपण समजतो. 'महल', 'बरसात', 'अंदाज' हे तिन्ही चित्रपट त्या एका वर्षाचे. 'महल'मध्ये खेमचंद प्रकाश यांनी बांधलेल्या त्या झोपाळ्यावरच्या गाण्याने देशाला वेड लावले. परंतु तबकडीवर गायिकेचे नाव काय होते? 'कामिनी'. म्हणजे पडद्यावरील पात्राचे नाव. गाते ते पात्र, गळा कोणाचा हे श्रोत्याला कळण्याचे कारण नाही, असा तो रिवाज होता. रेडिओवर गाणे लागले तेव्हा श्रोत्यांनी गायिकेचे नाव विचारणारी पत्रे पाठविली आणि मग ते नाव जाहीर झाले, असे सांगतात. तेव्हाच्या चित्रपटांच्या जाहिराती उघडून पाहिल्या तर नट-नटी, दिग्दर्शक, फार तर संगीत दिग्दर्शक यांची नावे असतात. पार्श्वगायकाला बहुधा जागा नसते. तेव्हा '१९४९ची लता' शोधणाऱ्या संग्राहकाने ज्या पानात तिचे नाव नाही ते पान टाकून द्यावे काय? ज्या पानावर 'महल'ची जाहिरात आहे आणि गायिकेचे नाव नाही, ते पान माझ्या मते अधिक मोलाचे आहे. कारण त्या अभावानेच त्या काळातील गायकाची पायरी कळते. जन्मनाव हेमा, घरचे नाव लता, तबकडीवरचे नाव कामिनी; आणि पुढे स्वतःच होऊन घेतलेले 'आनंदघन' हे संगीतकाराचे नाव, ज्याचे गुपित 'साधी माणसं'ला (१९६५) राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा उघड झाले. एका व्यक्तीच्या नावांचा एवढा प्रवास असताना केवळ नावाच्या सूचीवर विसंबून संग्रह करणे म्हणजे बाप्तिस्म्याचे नाव माहीत नसताना नोंदवही चाळण्यासारखे आहे. हे काम किती जिकिरीचे असते ते कोणत्याही धर्मगुरूला विचारावे.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष केल्यास काय होते याचे एक उदाहरण याच कारकिर्दीत आहे. 'गिनेस'च्या १९७४च्या आवृत्तीत लताबाईंनी १९४८ पासून किमान पंचवीस हजार गाणी ध्वनिमुद्रित केल्याची नोंद आली. महंमद रफींनी आक्षेप घेतला. पुढे त्यांचाही अठ्ठावीस हजारांचा दावा त्याच पुस्तकात छापला गेला. अखेरीस १९९१ पासून ही नोंदच गाळण्यात आली. हा वाद कोणी मिटविला? कोण्या विद्यापीठाने नव्हे. कानपूरचे हरमंदिर सिंग 'हमराज' यांनी चित्रपटांच्या पुस्तिका, ध्वनिमुद्रिकांच्या याद्या आणि जुनी नियतकालिके चाळून 'हिंदी फिल्म गीत कोश'चे खंड सिद्ध केले. मुंबईचे विश्वास नेरूरकर यांनी लताबाईंच्या गाण्यांची सूची केली. त्यातून दिसून आले की, हिंदी चित्रपटगीतांचा आकडा पाच-सहा हजारांच्या आतबाहेर आहे. काही चाहत्यांना याचे वाईट वाटले. मला त्यात वाईट वाटण्यासारखे काही दिसत नाही. पाच हजार गाणी इतकी निर्दोष गाणे हा चमत्कार आहे, पंचवीस हजार हा केवळ आकडा होता. भक्तीने फुगविलेली चरित्रे आपल्या संतपरंपरेतही काही कमी नाहीत; त्यांतील दंतकथा निवडून काढण्यासाठी बोलांदिस्त म्हणून ओळखल्या जाणाऱ्या येशूसंघीय विद्वानांनी सतराव्या शतकापासून कागद तपासण्याचे काम चालविले आणि त्याने संतांचे काही कमी झाले नाही.

आता माझी मुख्य तक्रार. संग्राहक कात्री वापरतो. 'कात्रण' हा शब्दच त्या हत्याराने दिला आहे. ज्या चौकोनात प्रसिद्ध नाव आहे तो कापून घ्यावा, वहीत डकवावा, आता तर प्लास्टिकच्या आवरणात उष्णतेने बंद करून चौकटीत लावावा, ही रीत. त्यात पानाची तारीख जाते, वृत्तपत्राचे नाव जाते, शेजारची बातमी जाते, मागची बाजू तर कायमची भिंतीकडे तोंड करून बसते. प्रसिद्ध माणसाचे चरित्र शोधताना अप्रसिद्धांचे चरित्र आपण कापून टाकतो. मागच्या बाजूस कोणाच्या तरी लग्नातील वाद्यवृंदाची जाहिरात असते, एखाद्या धर्मग्रामाच्या सणातील संगीत मिस्साचे वृत्त असते, 'व्हायोलिनवादक पाहिजे' अशी दोन ओळींची सूचना असते. आपल्या समाजाचा संगीतेतिहास बव्हंशी या मागच्या बाजूवर आहे.

हे केवळ भावनेने म्हणत नाही. गोव्यात पोर्तुगीज राजवटीत चर्चला जोडून ज्या शाळा चालत, त्यांत मुलांना स्वरलिपी वाचण्याचे आणि व्हायोलिनचे शिक्षण मिळे. उपासनेसाठी दिलेले हे शिक्षण पुढे पोटाच्या कामी आले. मुंबईच्या चित्रपटसृष्टीला साठ-सत्तर वादकांना एकाच वेळी, एकाच कागदावरून वाजविता येईल अशी माणसे हवी होती. ती माणसे माजोर्डा, हळदोणे, कुडचडे अशा गावांतून आली. अँथनी गोन्साल्विस हे माजोर्ड्याचे. वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख. १९४३ साली ते मुंबईत आले, नौशादांच्या वाद्यवृंदात वाजवू लागले, मग संगीतरचनेचे संयोजन करू लागले. प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. गुरूचे ऋण म्हणून प्यारेलालांच्या जोडीने संगीत दिलेल्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये (१९७७) त्यांचे नाव गाण्यात गुंफले गेले. देशातील प्रत्येक माणसाला ते नाव पाठ आहे आणि ते एका खऱ्या माणसाचे आहे हे फार थोड्यांना ठाऊक आहे. प्रसिद्धीचा असा विचित्र प्रकार दुसरा सापडणे कठीण.

याच गोन्साल्विसांनी १९५८ साली 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभा केला. शंभराहून अधिक वादक, भारतीय रागांवर आधारलेल्या त्यांच्या स्वतःच्या पाश्चात्त्य घाटाच्या रचना, आणि गायक कोण? लता मंगेशकर व मन्ना डे. कार्यक्रम झाला तो येशूसंघीयांच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात. म्हणजे लताबाईंच्या कारकिर्दीच्या पहिल्या दोन दशकांतील एक महत्त्वाचा प्रसंग आपल्या अंगणात घडला. लताबाईंचे नाव पाहून ज्याने ती बातमी कापली असेल, त्याने शेजारच्या रांगेतील शंभर नावांचे काय केले असेल, असा विचार मनात येतो. १९६५ साली गोन्साल्विस अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठात गेले, तेथून परतले ते मुंबईच्या ध्वनिमुद्रण-खोल्यांकडे न वळता माजोर्ड्याला. १८ जानेवारी २०१२ रोजी ते वारले. मराठी समीक्षक अशोक राणे यांनी त्यांच्यावर माहितीपट केला, ही आपल्या भाषेला भूषणावह गोष्ट.

या क्षेत्रात वृत्तपत्रांचा उपयोग कसा करावा याचा वस्तुपाठ म्हणून मी नरेश फर्नांडिस यांच्या लेखनाकडे बोट दाखवीन. २००४ साली 'सेमिनार' या मासिकात त्यांनी गोन्साल्विसांवर इंग्रजीत लेख लिहिला, आणि २०१२ साली 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' हे मुंबईतील जॅझच्या काळावरचे पुस्तक आणले. लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन १९३५ साली ताजमहाल हॉटेलात आला, तेथून ही कथा सुरू होते आणि हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' कसा झाला, मुंबईच्या हॉटेलांतून सी. रामचंद्रांच्या गाण्यांत त्याचा तुताऱ्यासारखा ट्रम्पेट कसा आला, हे उलगडत जाते. फर्नांडिस यांचा गुण असा की, ते जुन्या बातमीला प्रमाण मानत नाहीत, साक्षीदार मानतात. हॉटेलच्या जाहिरातीत ज्याला 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हटले आहे, तो घरी कसा होता, हे ते त्याच्या कुटुंबाकडून समजून घेतात. कागद आणि आठवण एकमेकांसमोर उभे करतात. ग्रेगरी बूथ यांच्या 'बिहाइंड द कर्टन' (२००८) या ग्रंथात वादकांच्या मुलाखतींवर भर आहे; तोही मोलाचा, पण माणसे तारखा विसरतात, हे आपण सोलापूरच्या उदाहरणात पाहिलेच.

माझा आक्षेप त्या पुस्तकाच्या पोतावर आहे. त्यातील मुंबई ही प्रामुख्याने इंग्रजी वाचणारी मुंबई आहे. हॉटेलांतील नृत्यदालनांचा विषय म्हटल्यावर ते स्वाभाविकही आहे. तथापि त्याच काळात हेच वादक दिवसा दादर-परळच्या स्टुडिओंत मराठी आणि हिंदी गाण्यांना वाजवीत होते, रविवारी चर्चच्या माळ्यावर उभे राहत होते, सोमवारी कोणाच्या लग्नात वाजवीत होते. तो दिवस, तो रविवार व तो सोमवार मराठी, कोंकणी वृत्तपत्रांतून आणि धर्मग्रामांच्या पत्रकांतून शोधावा लागेल, आणि ते काम कोण करणार? इंग्रजी दैनिकांचे जुने अंक आज संगणकावर शब्द टाकून शोधता येतात. मराठी दैनिकांच्या बाबतीत तशी सोय फारच तोकडी. जे सहज सापडते त्यावर इतिहास लिहिला जातो. रद्दीवाल्याचा भाव संशोधकालाही लागू होतो, तो असा.

संत लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच सांगतो की, पुष्कळांनी वृत्तांत लिहिले आहेत, तरी मी प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून आलेल्या गोष्टींचा मुळापासून शोध घेऊन त्या क्रमाने लिहीत आहे. क्रम लावायचा तर तारीख हवी. ट्रेंटच्या महासभेने १५६३ साली विवाहांच्या नोंदीचे पुस्तक ठेवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले. त्यामुळे माजोर्ड्याच्या कोळ्याची किंवा वसईच्या वाडीतल्या शेतकऱ्याची नोंद मिळते, जी राजाच्या दप्तरात मिळत नाही. नोंदवहीत गाजलेला आणि न गाजलेला यांना सारखीच ओळ मिळते. संग्रह करायचा तर त्या वृत्तीने करावा. मुंबईचे 'एक्झामिनर' १८५० पासूनचे, अहमदनगर जिल्ह्यात जन्मलेले आपले 'निरोप्या' १९०३ पासूनचे. चित्रपटसंगीताच्या अभ्यासकांपैकी किती जणांना वाटते की, या पत्रांच्या फायली उघडाव्यात? आणि आपल्यापैकी किती जणांनी त्या त्यांच्यापुढे ठेवल्या?

काही व्यावहारिक गोष्टी सांगतो, कारण आपल्या घरांत अजूनही पेट्या आहेत. आजोबा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवीत, आत्याचे यजमान स्टुडिओत 'सेकंड व्हायोलिन'ला होते, अशी घरे वसई, उत्तन, गोराई, ठाणे येथे पुष्कळ आहेत. त्यांच्या पेटीत जुने वृत्तपत्र निघाले तर त्यात कोणाचे नाव आहे ते पाहण्याआधी पान संपूर्ण ठेवावे. घडी मोडून सपाट करावे. चिकटपट्टी लावू नये, ती काही वर्षांत डाग सोडून निघून जाते आणि अक्षरे सोबत नेते. प्लास्टिकमध्ये उष्णतेने बंद करू नये. कागदातील आम्ल आतच राहते आणि आवरण पुन्हा काढता येत नाही. दोन पांढऱ्या, आम्लविरहित कागदांमध्ये ठेवून दमटपणापासून दूर ठेवावे. पानाचे छायाचित्र दोन्ही बाजूंनी घ्यावे. ते कोणाचे होते, कोणत्या पेटीतून निघाले, हे वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहावे. घरी ठेवणे शक्य नसेल तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, एशियाटिक सोसायटी, पणजीचे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, चित्रपटविषयक असल्यास पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, या संस्थांकडे विचारणा करावी.

पेट्या उघडल्या जातात त्या बहुधा नाताळपूर्वीच्या साफसफाईत. डिसेंबरअखेर रद्दीवाल्याच्या गाडीवर गठ्ठे चढतात, आणि फेब्रुवारीत एपीएमसीच्या फळबाजारात देवगड-रत्नागिरीच्या पहिल्या पेट्या उतरू लागतात, तेव्हा त्या कागदाला मागणी येते.